साळ्याचा फोन आणि आमची खोली

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांजवळ भांडी कमी आणि किस्से जास्त असतात. पिपरी मेघेत बापूरावकाकांच्या घरी आम्ही तीन भाडेकरू. संध्याकाळी ओट्यावर बसलं की एखादा तरी नवा किस्सा निघतोच!

काका माणूस लाखाचा. पण नागपूरहून त्यांच्या साळ्याचा फोन आला की बिघडतात. "भाडेकरू बदलत राहा भाऊजी, नाईतर घर बळकावतात," एवढंच तो सांगतो. दुसऱ्या सकाळी काका आमच्यापैकी एकाच्या दारात! आमचे करार दरवर्षी मे महिन्यापर्यंतचे, मधेच खाली करायला सांगायचं नाही असं त्यात ठरलेलं. पण फोनपुढे कराराचं काय चालतं?

पहिल्यांदा पाळी माझी. "पोराचं लग्न हाये, खोली लागते."

"अरे वा! मुलगी कुठली?"

"पाहून राह्यलो."

"पाहा न काका. पसंत होईपर्यंत करार संपतेच!"

काका चहा पिऊन खुशीत परत गेले.

*

मग शाळेतल्या मेश्राम सरांचा नंबर. सर हलेनात म्हणून काकांनी त्यांच्या नळाची मोटरच बंद केली. सर भांडले नाहीत. टॉवेल-साबण घेऊन सरळ काकांच्या बाथरूमशी जाऊन उभे!

"काका, भाडेकरूचं पाणी मालकाले तोडता येत नाई. तवा आंघोळ इथंच करतो."

आतून काकू ओरडल्या, "अवो, मोटर सुरू करा आधी!"

सरांना साबण लागायच्या आत नळ सुरू.

*

यंदा फोन आला आणि काका वनिताताईंच्या दारात गेले. ताई एकट्या, शिवणकाम करतात. मुलगी पूजा बारावीला, परीक्षा तोंडावर.

"या महिन्यात खोली खाली करा."

ताईंनी शिलाई मशीन थांबवलं. ऐन परीक्षेत पोरीला घेऊन जायचं कुठे? पण आवाज हलू दिला नाही. "करार मेपर्यंत हाये काका. काऊन खाली करू? नोटीस लिहून द्या, मंग पाहू."

आता गंमत अशी, की काकांचं सगळं लिहिणं पूजाच करते. अर्ज असो की पाहुण्यांना पाठवायची पत्रिका. सवयीनं काकांनी अंगणातूनच हाक मारली, "पूजा, एक नोटीस लिहून दे वं!"

पूजा पेन घेऊन आली. "कोणाले लिहू?"

"तुह्या आईले."

तिनं शांतपणे मायना लिहिला. "कारण काय टाकू काका?"

काकांनी उगाच अंगणातलं वाळलेलं पान उचललं.

"आन् तारीख? पेपर सुरू व्हायच्या आधीची?"

काका चप्पल शोधायला लागले. "राहू दे आता," म्हणत निघूनही गेले. मला पोरीचं फार कौतुक वाटलं, आणि खरं सांगतो, काकांची थोडी दयाही आली.

*

पुढच्या रविवारी साळ्यानं पाठवलेलं एक कुटुंब खोली पाहायला आलं. फाटकातूनच त्यांनी मोठ्यानं विचारलं, "खोली हीच का?"

काका धावत गेले, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला न बाप्पा! आत पोरगी अभ्यास करून राह्यली!"