एका लॅपटॉपचे दोन पहारेकरी

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या अर्जातला एक रकाना रिकामा राहिला की अर्ज परत यायचा. त्यामुळे दिसेल तो रकाना भरायचा आणि दिसेल त्या चौकोनात खूण करायची, ही सवय अंगात मुरली. तिच्यामुळेच मी शिकलो, हे उपकार मी विसरलेलो नाही.

कानडी मुलखात, बेळ्ळंदूरच्या कंपनीत नोकरी लागली. लॅपटॉप स्वतःचा आणायचा, सोमवारी त्याची सुरक्षा तपासणी. पास झाला तरच रुजू करून घेणार होते.

शनिवारी मी फुकटचं अँटी-स्पायवेअर, म्हणजे लॅपटॉपमधले हेर पकडणारं सॉफ्टवेअर, घेतलं. त्यानं नाव, फोन, जन्मतारीख विचारली. मी सगळं भरलं. ‘तुमची माहिती आमच्या भागीदारांना द्यावी का?’ यालाही हो म्हणालो. फुकट देतायत, एवढं तरी करायला नको? संध्याकाळपर्यंत ब्राउझरवर जाहिरातींच्या तीन पट्ट्या उगवल्या आणि वधूवर सूचक मंडळाचे फोन सुरू झाले.

घाबरून रविवारी विकतचं घेतलं. त्यानं फुकटच्याला ‘घातक’ ठरवलं. फुकटच्यानं लगेच त्याला ‘संशयास्पद’ म्हटलं. दिवसभर दोघं एकमेकांना पकडत बसले. लॅपटॉप तव्यासारखा तापला.

“स्वल्प बंद ठेव की रे त्याला,” घरमालकीण अक्का म्हणाल्या. “माणूस असता तर एव्हाना डॉक्टरकडे नेला असता.”

तपासणीला निपाणीकडचे एक आयटीवाले बसले होते. स्क्रीन बघून म्हणाले, “लॅपटॉप आहे का धर्मशाळा?”

“सर, एक फुकटचं आहे, एक विकतचं. चांगलं कुठलं?”

“दोघांनी काय पकडलं?”

“एकमेकांना.”

“मग दोन्ही चांगली की! बरोबर चोर पकडलेत.”

त्यांनी दोन्ही काढून टाकली. सिस्टिममध्ये मुळातच असलेलं संरक्षण बंद दिसलं.

“हे कुणी बंद केलं?”

“विकतच्यानं विचारलं, बंद करू का. मी हो म्हणालो.”

“आयुष्यात कुणाला नाही म्हणालायस का रे?”

मी मनापासून आठवून पाहिलं. एकही प्रसंग सापडेना.

त्यांनी कागद-पेन पुढे सरकवलं. “बरं. आता तुझा पासवर्ड लिहून दे.”

मी पेन उचललं, पहिलं अक्षर लिहिलं आणि थांबलो. एवढा मोठा माणूस, त्यात मराठीत बोलणारा. मी पेन खाली ठेवलं.

“नाही देणार, सर. माफ करा.”

“माफी नको मागू,” ते म्हणाले आणि त्यांनी तो कागद फाडून टाकला. “पास. जा, रुजू हो.”