रक्ताची तार

माणसाच्या रक्तावर आमच्या कंपाउंडरभाऊंइतका जीव टाकणारा दुसरा प्राणी, डास सोडले तर, मी पाहिलेला नाही. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मी भामरागडच्या वाटेवरच्या एका जंगलातल्या गावी मास्तर होतो. गावच्या दवाखान्यात डॉक्टरांची खुर्ची कायम रिकामी, त्यामुळे कंपाउंडरभाऊ हेच आमचे डॉक्टर. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, घट्ट रक्ताची आणि पातळ रक्ताची. पोट दुखो की दात, आधी बोटाला सुई टोचायची, काचेवर थेंब घ्यायचा आणि त्यातून टाचणी ओढत राहायचं, गुळाच्या पाकाला येते तशी तार येईपर्यंत. घड्याळ नव्हतं, म्हणून वेळ पाढ्यांनी मोजत. "नवाच्या पाढ्याले तार आली पायजे. तुमची बाराले आली, मास्तर. रक्त पातळ हाय." पाढे ते चुकत म्हणत, पण दुरुस्त करायला मी धजलो नाही, कारण सतराच्या पुढे माझीही गाडी अडते.

ते रस्त्यानं निघाले की लोक हात खिशात घालत, आणि ज्यांना खिसे नसत ते पाठीमागे बांधत. मुलगी पाहायला आलेल्या एका नवरदेवाचंही बोट त्यांनी टोचलं. नवरदेव जागीच आडवा झाला. "पोरगा भित्रा हाय, पण रक्त चोख हाय. देऊन टाका पोरगी," असा निकाल मिळाला आणि खरंच लग्न झालं.

माझी प्रकृती तेव्हा उत्तम होती, पण हे कुणी सांगितलेलं मला आवडत नसे. नागपूरहून मी टॉनिकांची ट्रंकच नेली होती. बाटल्या उंचीप्रमाणे फळीवर मांडलेल्या. घर झाडणारी बाई बरेच दिवस त्यांच्यापुढे उदबत्ती लावून जायची. कंपाउंडरभाऊंनी एकेक बाटली हुंगली. "साखर लय हाय. तुमच्या घरच्या मुंग्या पैलवान होतीन," म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून तरोट्याची भाजी, हातसडीचे तांदूळ, नदीवर जाळं टाकणाऱ्या ढिवरांकडची बारीक मासळी माझ्या दारात येऊ लागली. मी भाजी गुपचूप शेजारच्या बकरीला घालायचो. बकरी गुटगुटीत झाली.

मग एका पावसाळ्यात मला हिवताप आला. ताप चारच दिवसांत उतरला, पण माझ्या आवडत्या बाटलीवर 'संपूर्ण विश्रांती' असं छापलेलं होतं. मी तीन आठवडे खाट सोडली नाही. "काऊन झोपून राह्यले? उठा, फिरा जरा, रक्त फिरू द्या," असं कंपाउंडरभाऊ रोज दारातून ओरडायचे. पण एवढी छापील बाटली सांगते ते खरं की कंपाउंडर सांगतो ते? एका सकाळी डावी पोटरी भोपळ्यासारखी सुजली, तापली, हात लावू देईना.

शेजारच्या बाई मोहाच्या बियांचं तेल कोमट करून घेऊन आल्या. अख्ख्या गावाचे पाय त्यांच्या हातून गेलेले. "असं चोळून देतो, मास्तर, की संध्याकाळी शाळेत जासान," त्या म्हणाल्या. मी आनंदानं पाय पुढे केला. तेवढ्यात कंपाउंडरभाऊ आले. त्या दिवशी त्यांनी सुई काढलीच नाही. बाईंचा हात धरून ओरडले, "चोळू नोका! रक्ताची गाठ हाय. सुटली तर छातीत जाईन!"

नद्या फुगलेल्या, चांद्याच्या मोठ्या दवाखान्याची वाट बंद, आणि यावरचं औषध दवाखान्यात नव्हतं. त्यांनी भाताच्या कोंड्याच्या पोत्यावर माझा पाय उंच ठेवला, गरम पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि दारातच बैठक मारली. चोळायला कुणी येऊ नये म्हणून, आणि मी कुणाला बोलावू नये म्हणूनही. तिसऱ्या दिवशी दुखण्यानं माझं डोकं फिरलं. "तुम्हाला काय कळतं रक्तातलं? डॉक्टर आहात का?" मी ओरडलो.

"नाई," ते शांतपणे म्हणाले. "डॉक्टर असतो तर तिचा पाय चोळला नसता."

"कुणाचा?"

"बायकोचा. बाळंतपणानंतर असाच सुजला होता. दुखून राह्यलं म्हणे. मी चोळून दिला. मले वाटलं, तिले बरं वाटून राह्यलं. हसली पण. मंग एकदम श्वासच लागला."

मी तोंड भिंतीकडे फिरवलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. त्यानंतर ते उठा म्हणतील तेव्हाच उठायचं, असं मी ठरवून टाकलं आणि निमूट पडून राहिलो.

सूज हळूहळू उतरली. पाणी ओसरल्यावर एका सकाळी त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "चालून दाखवा." मी विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो. ते माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते, फक्त पायांकडे. "अजून एक डाव," म्हणाले. मी पुन्हा गेलो. परत आलो तर दोन्ही हातांनी चष्मा पुसत बसले होते, आणि तो बराच वेळ पुसून होईना.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. ढेकर आला तरी अख्ख्या गावाला ऐकवणारा मी. पण कंपाउंडरभाऊंच्या बायकोचं नाव काय होतं, ती कशी होती, हे त्यांना एकदाही विचारलं नाही. त्यांना सांगायचं असेल, असं आता फार वाटतं.