काखेत धरलेल्या नळ्या

कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईहून वाशीला आला, त्याच सुमारास मी तिथे रक्त तपासायची लॅब टाकली. पुलापलीकडच्या, मुंबईच्या डॉक्टरांची समजूत अशी, की खाडीच्या या बाजूला फार तर हिमोग्लोबिन मोजता येतं. मला त्याचा भयंकर राग यायचा.

एका दुपारी उरणकडची एक आई लहान मुलीला घेऊन आली. सोबत सासू. मुलीच्या मानेवर, मांडीवर गळवांचे व्रण होते. एक सुकेपर्यंत दुसरं वर यायचं. सासूने बसायच्या आधीच निकाल दिला, "हिला पोर सांभालता येत नाय. घानीत ठेवते."

पोरीची कातडी मात्र लालभडक झाली होती. स्वच्छता ठेवा असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आई तिला रोज जंतुनाशकाच्या पाण्यात बसवून टाचा घासायच्या वजरीने घासत होती.

रक्तात पांढऱ्या पेशी हव्या त्याहून जास्तच निघाल्या. मग त्या करत काय होत्या? पेशी जंतूला गिळते, पण गिळलं म्हणजे मारलं असं नाही. मारायला तिच्यातलं एक प्रथिन कामाला लागावं लागतं. ते नसेल तर जंतू आत जिवंत राहतो आणि गळवं होत राहतात. हे ओळखायची चाचणी मी शिकताना केली होती. रक्तात फिकट पिवळा रंग घालून ते अंगाच्या उबेत ठेवायचं. प्रथिन असेल तर पेशीत गडद निळा रंग उमटतो. रक्त अगदी ताजं लागतं, पुलापलीकडे पाठवून भागत नाही.

मी दोन नळ्या भरल्या, एक पोरीच्या रक्ताची, एक माझ्या. शेजारी निरोगी रक्त नसेल तर ताडून बघणार कशाशी? रंग घातला आणि नेमकी वीज गेली. रक्त ऊबदार ठेवायची पेटी गार पडू लागली. अंगाचीच ऊब हवी ना, म्हटलं, आणि बुचं घट्ट लावून दोन्ही नळ्या काखेत धरून बसले. सासू अशी बघत होती, जणू मीच तपासून घ्यायला आले होते.

दोन्ही रक्तांचा एकेक थेंब काचेवर घेतला आणि खिडकीच्या उजेडात मायक्रोस्कोप लावला. माझ्या पेशी निळ्या. पोरीची एकही नाही. खोटं कशाला बोलू, पोरीची काळजी वाटायच्या आधी मला माझा अभिमान वाटला, आणि त्याची आजही लाज वाटत नाही. रोज जंतू मारणारी गोळी दिली तर ही पोर सावरू शकत होती, आणि ते खाडीच्या या बाजूला कळलं होतं.

मी आईला दोन्ही काचा मायक्रोस्कोपखाली दाखवल्या. ती बराच वेळ बघत राहिली.

"मंजे घासून जानार नवता?"

"नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

"हिच्या म्हायेरचा रगतच तसला," सासू म्हणाली.

"मुलीत हा दोष येतो तो बहुतेक आई आणि बाप, दोघांकडून मिळून," मी म्हटलं. "अर्धा तुमच्या मुलाने दिलाय."

सासूने उठून पोरीला सुनेच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं.

"तू बस जरा," ती म्हणाली. "दमलीस."

आई बसली आणि रडायला लागली.