लिफ्ट नंबर दोनचा बारावा भाग

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळे तपासणारी डॉक्टरीण पुढच्या खोलीत बसते आणि आत्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्रापाशी. चौतीस वर्षं तीच खोली, तेच स्टूल. काच फ्रेममध्ये घट्ट बसली नाही तर ती पुन्हा घासते, पुन्हा बसवते, पुन्हा घासते. गिऱ्हाईक म्हणतं, "असू द्या हो ताई, चालेल एवढं." आत्या मानही वर न करता म्हणते, "तुम्हाला चालेल. मला नाही चालत."

कामाबाहेर तिला एकच नाद, जुने सिनेमे आणि लोक विसरून गेलेल्या टीव्ही मालिका. त्यातही हिरो-हिरॉइनचं तिला फार कौतुक नाही. मागच्या टेबलावर चहा पीत बसलेला माणूस, दार उघडणारी बाई, पाट्यांमध्ये अगदी शेवटी येणारी नावं, यांच्यावर तिचा जीव. "हिरोला सगळे लक्षात ठेवतात गं," ती म्हणते. "दार उघडणारीला कुणी ठेवायचं?"

तिची सगळ्यांत लाडकी मालिका म्हणजे 'लिफ्ट नंबर दोन'. तेव्हा आत्या बारा वर्षांची होती. आमच्या घरी टीव्ही नव्हता, तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंकडे होता. दर गुरुवारी संध्याकाळी आत्या त्यांच्याकडे जाऊन जमिनीवर बसायची. मालिका एका लिफ्टमनची. ऑफिसांच्या आठमजली इमारतीत तो दिवसभर लिफ्टमध्ये स्टुलावर बसतो. माणसं आत येतात, अर्धवट बोलतात, आपापल्या मजल्यावर उतरतात. त्या अर्ध्या बोलण्यावरून पुढचं काय ते हा ताडतो आणि कुणाला न कळत मदत करतो. पाचव्या मजल्यावरची टायपिस्ट त्याच्याशी रोज चार शब्द बोलते. बस्स, एवढंच. पण आत्या तेवढ्यासाठी आठवडाभर डोळे लावून बसायची. घरी आली की वहीत सगळी गोष्ट लिहायची. पाट्या भरभर सरकायच्या, म्हणून दर आठवड्याला दोन-तीन नावं टिपायची. अशी एकतीस नावं जमली.

अकरा भाग झाले आणि बाराव्याच्या आदल्या दिवशी माझी आजी आणि शेजारीणबाई यांचं कडाक्याचं भांडण झालं. कारण काय, तर कपडे वाळत घालायची दोरी कुणाची. गुरुवारी शेजारीणबाईंनी दार उघडलंच नाही. आत्या परत फिरली नाही. जिन्याच्या वळणावर त्यांची खिडकी होती, तिथे ती कठड्याला धरून चवड्यांवर उभी राहिली. काचेआडून टीव्ही दिसत होता, आवाज येत नव्हता. लिफ्ट अडकली होती. दारावरचा मजला दाखवणारा काटा तीन आणि चारच्या मधे थांबला होता. टायपिस्ट लिफ्टमनच्या स्टुलावर बसली होती आणि तो उभा होता. तिने काहीतरी विचारलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. इतक्यात शेजारीणबाईंची नजर गेली आणि त्यांनी पडदा ओढला.

पुढच्या आठवड्यापर्यंत भांडण मिटलं. तेराव्या म्हणजे शेवटच्या भागात टायपिस्ट नोकरी सोडून जाते, लिफ्टमधून शेवटचं खाली उतरते आणि त्याच्याकडे बघतही नाही. का? लिफ्टमध्ये काय झालं? वहीत बाराव्या भागाचं पान आत्याने कोरं सोडलं.

ते एकोणपन्नास वर्षं कोरंच राहिलं. आत्याचं शिक्षण झालं, नोकरी लागली, आजी-आजोबा गेले. लग्न तिने केलं नाही, त्याचं कारण कुणी विचारलं तर म्हणते, "वेळच मिळाला नाही." पानाचं तिला मधूनमधून आठवायचं, पण ती स्वस्थ होती.

स्वस्थपणा मी घालवला. तीन वर्षांपूर्वी मी सहज इंटरनेटवर त्या मालिकेचं नाव टाकलं. दोनच ओळी सापडल्या. त्या मी वाचून दाखवल्या: "कृष्णधवल मालिका. एकूण बारा भाग."

"तेरा," आत्या म्हणाली.

"इथे बारा लिहिलंय."

"ज्याने लिहिलंय त्याला मोजता येत नाही."

माझे बाबा शेजारीच बसले होते. आत्याहून ते दोन वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "अगं, बाराच असतील. तुला त्या दिवशी काही बघायला मिळालं नाही, मग तू मनानेच रचलंस. लहान होतीस. स्वप्नबिप्न पडलं असेल."

आत्याने हातातली कपबशी खाली ठेवली. "दादा, मी कठड्याला धरून उभी होते. माझे पाय दुखत होते. स्वप्नात पाय दुखत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी तिने टीव्ही केंद्राला पत्र लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं: त्या मालिकेच्या टेपा पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम घेतले गेले, एकही भाग शिल्लक नाही आणि नोंदवहीप्रमाणे भाग बारा. पत्र सभ्य होतं, पण आत्याला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. ती म्हणाली, "टेप पुसली ते समजू शकते. पण झालेली गोष्ट झालीच नाही म्हणतात? आज मी आहे म्हणून सांगतेय. मी गेल्यावर?"

मग तिने ती एकतीस नावं काढली. दर रविवारी सकाळी कामं आटपून ती फोन घेऊन बसायची. आडनावांवरून नंबर शोधायचे, फोन करायचा, "माफ करा, तुमच्या घरी कुणी टीव्हीवर काम करायचं का?" कुणी फोन आदळायचं, कुणी तासभर बोलायचं. चौदा जण वारले होते. नऊ जणांचा पत्ताच लागला नाही. टायपिस्टचं काम करणारी नटी तिशीतच गेली होती, हे कळलं त्या रविवारी आत्याने पुढचा फोन केला नाही. मेकअपवाल्याची बायको म्हणाली, "आमचे हे रंगवायचे, बघायचे नाहीत." मला वाटलं, आता आत्या सोडून देईल. मी तसं म्हटलंही. "अजून पाच नावं आहेत," ती म्हणाली.

चौथं नाव सुताराचं निघालं. त्याला नीट ऐकू येत नव्हतं. आत्या ओरडून बोलत होती, शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल.

"लिफ्ट? ती मीच केलेली! प्लायवूडची. बाहेरून दोघं जण हलवायचे, की आतले डोलायचे."

"लिफ्ट अडकते असा भाग होता का?"

"होता म्हणजे? त्याच्यासाठी तर एक भिंत काढावी लागली मला, कॅमेरा आत घालायला. हाताला खिळा लागला होता. अजून वण आहे."

आत्याने फोनवर हात ठेवला आणि बाबांकडे बघितलं. बाबा पेपरात डोकं घालून बसले.

पण लिफ्टमध्ये काय बोलणं झालं ते सुताराला ठाऊक नव्हतं. "वहीवाल्या पोरीला विचारा," तो म्हणाला. म्हणजे मागच्या दृश्यात टोपी कुठल्या हातात होती, कप अर्धा होता की रिकामा, हे टिपून ठेवणारी. तिचं नाव आत्याच्या यादीत नव्हतं, पाट्यांतून ते निसटलं होतं. पण सुताराला माहीत होतं की तिने दिवेवाल्याशी लग्न केलं आणि ती आता दुसऱ्या गावात रंगाच्या दुकानावरच्या खोल्यांत राहते.

आत्याने रजा काढली आणि आम्ही दोघी बसने चार तास गेलो. जिना चढताना रंगाचा वास नाकात जात होता. वहीवाली आता त्र्याहत्तरची, ताठ, केस बारीक कापलेले. तिने आम्हाला बसायलाही सांगितलं नाही, आधी विचारलं, "तुम्हाला हे कशाला हवंय?"

आत्याने कठडा, काच, पडदा, सगळं सांगितलं. वहीवाली ऐकत राहिली. मग आत गेली आणि एक फाइल घेऊन आली. नवव्यापासून तेराव्यापर्यंतचे टाइप केलेले कागद. "बाकीचे वाळवीने खाल्ले," ती म्हणाली. "बारावा भाग पंचेचाळीस मिनिटांचा झाला होता. अर्ध्या तासाच्या रकान्यात मावेना, म्हणून कुणीतरी तो 'नाटक' म्हणून नोंदवला. तेव्हा मी सांगितलं होतं, चूक आहे. कोण ऐकतंय?"

मला वाटलं, आत्या तिथेच झडप घालून वाचायला लागेल. तिने कागदांना हातही लावला नाही. "वाचलं तर संपेल," ती म्हणाली. "मला ऐकायचंय. लिफ्टमनचं काम करणारे गृहस्थ आहेत का हो? त्यांचा पत्ता मला लागलाच नाही."

ते होते. पंच्याऐंशीचे, मुलीकडे राहत होते. मुलीने फोनवरच सांगितलं, वडील आता काही वाचत नाहीत, त्यांचे डोळे गेले. आत्याला हे वाक्य पटलं नाही. ती त्यांच्या घरी गेली आणि आधी त्यांचा चष्माच काढून घेतला. उजेडात धरला, उलटसुलट केला. "हा कधी केला?"

"आठ-नऊ वर्षं झाली असतील," म्हातारबुवा म्हणाले.

"आणि मोतीबिंदू कधी काढला?"

"सहा वर्षांपूर्वी."

"मग डोळे कुठे गेलेत? नंबर गेलाय! सहा वर्षं दुसऱ्याच डोळ्यांचा चष्मा घालून बसलाय तुम्ही."

मुलगी खजील झाली. म्हातारबुवा मात्र हसायला लागले. आठवडाभरात आत्याने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे आणलं आणि दोन दिवसांत चष्मा करून दिला. काच तीनदा घासली.

एका रविवारी दुपारी, बंद दुकानात, पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. चौदा माणसं जमली. सुतार आला, डॉक्टरीणबाई आल्या, बाबा न बोलावता आले. टायपिस्टची वाक्यं वहीवालीने वाचली. नटीला उशीर झाला की तालमीत तीच वाचायची म्हणे. म्हातारबुवांनी पहिली दोन पानं अडखळत वाचली, मग आवाज लागला.

लिफ्ट अडकते. टायपिस्ट स्टुलावर बसते. सकाळीच तिच्या हातात नोकरीवरून काढल्याचं पत्र पडलेलं असतं. ती विचारते, "साहेबलोक याच लिफ्टमधून जातात ना? ते काही बोलले होते का?"

तो टोपी काढतो आणि म्हणतो, "दोन महिन्यांपूर्वी."

"दोन महिने तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही रोज हसून बोलायचात. सांगितलं असतं तर बोलणं बंद झालं असतं."

आत्या ताडकन उठली.

"म्हणजे हाच चोर!" ती म्हणाली. "एकोणपन्नास वर्षं मी याची बाजू घेतली! मला वाटायचं ती शिष्ट आहे, बघतसुद्धा नाही म्हणून. आणि तिला दोन महिन्यांत दुसरी नोकरी बघता आली असती हो!" हे सगळं ती म्हातारबुवांकडे बोट करून बोलत होती.

म्हातारबुवांनी चष्मा काढला. "बाई, मी तेव्हा दिग्दर्शकाशी भांडलो होतो. म्हटलं, लोक मला माफ करणार नाहीत."

"नाहीच करणार," आत्या म्हणाली. मग एकदम भानावर आली, खाली बसली आणि रडली. मी तिला आजीच्या वेळीही इतकं रडताना पाहिलं नव्हतं. वहीवालीने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "पुढचं वाचू का? अजून आठ पानं आहेत." आत्याने मान हलवली. पुढची आठ पानं तिने पदर तोंडाशी धरून ऐकली.

केंद्राला तिने कागदांच्या प्रती पाठवल्या, सोबत सुताराचं आणि वहीवालीचं सहीनिशी म्हणणं. उत्तर नाही. दुसरं पत्र, उत्तर नाही. तिसऱ्या वेळी ती स्वतः गेली आणि नोंदी सांभाळणाऱ्या बाईंच्या टेबलासमोर साडेतीन तास बसली. त्या बाई शेवटी उठल्या, जुनी वही काढली, 'नाटक' या रकान्यात बोट फिरवत गेल्या आणि थांबल्या. तारीख जुळली. त्यांनी लाल शाईने दुरुस्ती केली, खाली सही केली. आत्याने त्यांना पाट्यांतून निसटलेलं वहीवालीचं नावही लिहायला लावलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"माहीत आहे," आत्या म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

म्हातारबुवा आता रोज पेपर वाचतात आणि त्यातल्या चुका सांगायला आत्याला फोन करतात. ती त्यांच्याशी छान बोलते, पण लिफ्टमनचा विषय निघाला की आवाज कोरडा होतो. सध्या ती एका जुन्या मूकपटाच्या मागे आहे. त्याचं तिसरं रीळ कुठे गेलं हे कुणालाच माहीत नाही. थिएटरचं मशीन चालवणाऱ्याची नात सापडली आहे, ती भेटायला तयार नाही. आत्याने तिला आतापर्यंत सहा पत्रं लिहिली आहेत. सातवं काल टाकलं.