नवरदेवाला ऊन सोसत नाही

मूर्खपणा कसा करावा हे शिकायचं असेल, तर माझ्याजवळ बसा. मी माझ्या लग्नाची चिठ्ठी स्वतःच्या हातानं लिहिली आणि तीन दिवस घाम पुसत बसलो.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढचा उन्हाळा. मी नवाच मास्तर झालो होतो आणि पगारातून ट्रान्झिस्टर घेतला होता. बातम्या संपल्या की लोक रेडिओ बंद करत, मी मात्र हवामानासाठी कान लावून बसायचो. कुठं वादळ, कुठं मुसळधार पाऊस, सगळ्या देशाची काळजी मला एकट्याला.

लग्न चार दिवसांवर होतं. आमचं गाव कोंढा, मुलगी सानगडीची. अन् रेडिओ म्हणाला, विदर्भात येते चार-पाच दिवस उष्णतेची तीव्र लाट. मुहूर्त होता भर दुपारचा. वऱ्हाडात म्हातारे, लेकुरवाळ्या बाया. म्हटलं, सासऱ्यांना कळवावं, लग्न सकाळी लावू.

पण 'वऱ्हाडाला ऊन सोसणार नाही' असं लिहावं, तर आमचे काका-मामा रुसायचे. म्हणून मी शहाण्यानं लिहिलं, 'नवरदेवाला ऊन सोसणार नाही, तरी लग्न सकाळी लावावे.' चिठ्ठी सानगडीच्या बाजाराला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती दिली.

हा शेजारी फार कमी बोलणारा. सासऱ्यांनी विचारलं, "पोरगा बरा हाये नं?" तो म्हणाला, "आता मी काय सांगू जी."

झालं. बाजार उठेपर्यंत अख्ख्या सानगडीत बातमी पसरली. नवरदेव उन्हात चक्कर येऊन पडतो. मग झटके येतात. संध्याकाळपर्यंत नागपूरच्या डॉक्टरनं माझी आशा सोडली होती.

दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता मुलीचे मामा आमच्या दारात उभे. सदाशिवमामा. धानाच्या भरल्या पोत्याएवढा माणूस. पाणीसुद्धा न घेता मला खालून वर न्याहाळलं.

"काहून जी, ऊन सोसत नाही म्हनते तुम्हाले?"

"तसं नाही मामाजी, रेडिओवर सांगितलं..."

"रेडिओ राहू द्या. चाला, वावर दाखवा आपलं."

बाबा मधे पडले. "आता? बारा वाजून राहिले नं जी."

"म्हनूनच," मामा म्हणाले.

काय करता? मुलगी मला मनापासून आवडली होती. मामा नाही म्हणाले असते, तर संपलंच. निघालो. वावर अर्ध्या कोसावर, सावली म्हणून त्याच्या कडेला एक मोहाचं झाड. धानाच्या बांध्यांना हात हात भेगा पडलेल्या, त्यांच्या मधल्या धुऱ्यावर पाय ठेवला की चपलेतून चटका बसे. माझ्या डोळ्यांपुढं काजवे नाचत होते, पण तोंडावर हसू ठेवून मी मामांना एकेक बांधी दाखवत होतो. परतताना मीच म्हणालो, "विहीर राहिली पाहायची."

वळून पाहतो, तर मामा मोहाखाली आडवे.

मग मात्र मी काही विचार केला नाही. ते पोतं पाठीवर घेतलं आणि घराकडं चालू लागलो. कसा पोहोचलो, मला आजही सांगता येत नाही. आईनं मामांच्या तळपायाला कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. पण उभं राहायचं त्राण नव्हतं. पुढचे दोन दिवस ते आमच्याच ओसरीवर.

इकडं सानगडीत काय वाटलं असेल? नवरदेव पाहायला गेलेला माणूस परतच आला नाही. घरोघरी तर फोन नव्हतेच.

लग्नाच्या दिवशी पहाटे निघून आमचा ट्रक सकाळी आठला मांडवापुढं थांबला. ना वाजंत्री, ना ओवाळायला कोणी. सासरे हाताची घडी घालून उभे.

"आमचा मानूस कोठं हाये?"

वऱ्हाडातून आधी मामाच उतरले. नवरीचा मामा, नवरदेवाच्या वरातीत.

"मी हावो नं जी. पोरगा पक्का हाये. मले अर्धा कोस पाठीवर आनलं त्यानं."

"मंग ऊन कोनाले सोसत नाही?"

मामांनी मान खाली घातली. "मले. लगन आत्ताच लावा."

मांडवात असं हसू फुटलं की आतल्या खोलीतून नवरीचंही ऐकू आलं. दहाच्या आत लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि दुपारी लाटेनं रस्त्यावरचं डांबर वितळत होतं, तेव्हा दोन्ही गावांचे लोक सावलीत पडून माझ्या रेडिओचं कौतुक करत होते. मी तर हवेत होतो.

पण मामांनी ती कथा गावभर इतकी रंगवली, की त्याचा भुर्दंड मी पुढं दहा वर्षं भरला. बाकीच्यांचे जावई उन्हाळ्यात सासुरवाडीला आंब्याचा रस खायला जात. मला बोलावणं यायचं गोठ्यावरची कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला. तेही भर दुपारी. सासरे खालून एकेक कवेलू हातात देत म्हणायचे, "दुसऱ्या कोनाले चढवलं तर ऊन लागन जी. तुमचं काही टेन्शन नाही."