बर्फाची फळी

बर्फ लोटायची फळी कुठली घ्यावी, याचा सल्ला कुणी आमच्याकडं मागेल असं मला आधी सांगितलं असतं, तर मी हसून सोडलं असतं. आमच्या डाळज गावात बर्फ म्हणजे लग्नाच्या सरबतातलं, नाहीतर भिगवणच्या मासळी बाजारातलं. त्यापलीकडचं बर्फ आम्ही पाहिलं ते मोबाइलवर, आमच्या मुलानं दाखवलं तेवढंच.

मुलगा एकुलता. आधी बारामती एमआयडीसीत कामाला होता. सकाळी मोटारसायकलला किक मारून जायचा आणि संध्याकाळच्या चहाला घरात असायचा. मग कंपनीनं त्याला अमेरिकेत पाठवलं, थंड मुलखात. जाताना म्हणाला, थोड्या वर्षांचं काम आहे, आलोच. पुढं तिथंच दुसरी नोकरी धरली, तेव्हाही म्हणाला, येतो. लग्नाला आला, बायकोला घेऊन गेला, नात तिकडंच झाली. तरी मी आशेवर होते, कारण एक गोष्ट तो दर वेळी सांगायचा, की घर भाड्याचं आहे. भाड्याचं घर म्हणजे काय, किल्ली हातावर ठेवली की माणूस मोकळा. त्या एका शब्दाला धरून मी बसले होते.

आमच्या ह्यांचंही तसंच. ऊस वाट्यानं दिला, पण घरामागचा तुकडा कुणाला दिला नाही. ट्रॅक्टर ठेवला, आणि ट्रॅक्टरच्या मागं जोडायची लोखंडी फळी ठेवली, रान सपाट करायची. वापर असा फारसा उरला नव्हता. पण दिवाळीच्या आधी त्या फळीला चिंधीनं काळं ऑइल लावायचं, म्हणजे गंज धरत नाही, हे कधी चुकलं नाही. मी म्हणायचे, कशाला गुडघे दुखवून घेताय. तर म्हणायचे, पोरगं आल्यावर त्याच्या हातात गंजकी फळी देऊ का?

फोन रविवारी संध्याकाळी यायचा. आपली संध्याकाळ, त्यांची सकाळ. बापलेकाचं बोलणं म्हणजे जेवलास का, पाऊस हाय का, तब्येत सांभाळा. संपलं. लगेच फोन माझ्या हातात. दोघांत भांडण नव्हतं हो, बोलायला विषयच नव्हता.

एका रविवारी मुलगा म्हणाला की त्यानं चार चाकांची एक गाडी घेतली आहे. वर टप नाही, मोटारसायकलसारखं हँडल. समुद्रावर वाळूत पळवतात ना, तसली. घर गावाबाहेर, दारापासून सडकेपर्यंत खडीचा लांब रस्ता, आणि त्यावर गुडघाभर बर्फ साचतं. मागच्या हिवाळ्यात हातानं ओढून ओढून त्याची कंबर धरली होती. आता त्या गाडीला फळी जोडायची आणि बर्फ लोटायचं. "आबा, तुम्ही आयुष्यभर फळी मारलीय. तुम्हीच सांगा कुठली घेऊ."

ह्यांनी स्पीकरवरचा फोन माझ्या हातातून घेतला, तो त्या दिवशी मला परत मिळालाच नाही.

पहिल्याच बोलण्यात अडलं. मुलगा म्हणे फळी पुढं लागते. हे म्हणाले, येडा का खुळा, फळी मागं असती. पुढं लावून कुणी रान केलंय का? मुलगा समजावत होता की चाकं आधी बर्फावरून गेली तर ते दबून बसतं. ह्यांना पटेना. बर्फ ते बर्फ, पाणीच की शेवटी.

त्याच आठवड्यात माझ्या गुडघ्याचं औषध आणायला भिगवणला गेलो. वाटेत मी ह्यांना म्हटलं, त्याला हलकी, प्लास्टिकची सांगा. तिकडनं निघायच्या वेळी विकायला सोपी. हे म्हणाले, बघू. औषध घेऊन झालं आणि घराकडं वळायचं सोडून हे मासळी बाजारात शिरले. लिलाव उरकला होता. फोडलेल्या बर्फाचा ढीग फरशीवर पडून होता आणि एक बाई फावड्यानं तो क्रेटांत भरत होती. ह्यांनी तिच्याकडून फावडं मागून घेतलं आणि बर्फ पुढं लोटलं. सरसर गेलं. मग चपलेनं बर्फ चांगलं तुडवलं आणि पुन्हा फावडं लावलं. आता ते फरशीला धरून बसलं, फावडं वरनंच घसरलं. पुन्हा तुडव, पुन्हा लोट. एक मासळीवाला ओरडला, "आबा, खाली चिलापी मासळी हाय, गुप्तधन न्हाय." सगळा बाजार हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या बाईला सांगितलं की आमच्या मुलाला अमेरिकेत बर्फाची फळी घ्यायची आहे, म्हणून बघतायत.

ती म्हणाली, "पोरगं तिकडं, आन् आबा हिकडं कशापायी लोटत्यात?"

सहजच म्हणाली बिचारी. मी ह्यांच्या हातातलं फावडं काढून तिला परत दिलं.

परत येताना हे एवढंच बोलले, की पोरगं बरोबर सांगतंय, पुढंच पायजे.

पुढच्या रविवारी मुलानं तीन फळ्यांचे फोटो पाठवले होते. एक प्लास्टिकची, हलकी. एक साधी लोखंडी, तिरकी करायची तर खाली उतरून हातानं फिरवायची. आणि एक जड लोखंडी, बटणावर वर-खाली होणारी. ह्यांनी चष्मा लावला, मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि फडाफडा प्रश्न सुरू केले. फळी तिरकी केली की आखूड पडते, मग चाकं फळीबाहेर उघडी राहतील, हे बघितलंस का? मुलानं नव्हतं बघितलं. बर्फ टाकणार कुठं? पहिल्या दिवशीच लांब ढकल. पहिला ढीग वाटेला लागून टाकलास तर पुढच्याला जागा कुठली राहणार? मुलगा तिकडं लिहून घेत होता. मधेच दोघं हसले. कशाला हसले ते मला कळलं नाही, पण बापलेकाला एकत्र हसताना ऐकून इतकी वर्षं झाली होती की मी भाकरी तव्यावर टाकायची सोडून तशीच बसून राहिले. माझं मन मोठं विचित्र झालं. हे बोलणं संपू नये असंही वाटत होतं, आणि ते चाललं होतं ते तिकडचा हिवाळा सोपा करायला, हेही कळत होतं.

मी मधेच म्हटलं, "हलकीच घे रे. पुढं विकायला बरी."

तो आबांना म्हणाला, तिसरा फोटो मोठा करून बघा.

हे आपल्याच नादात. म्हणाले, "फळीच्या खाली चपला असत्यात का? जमिनीला टेकणाऱ्या?" मुलगा म्हणाला, असतात, त्यावर ती उंच धरता येते. "मग त्या लाव. न्हायतर बर्फाबरुबर खडी उपटून यील, आन् घरमालक भांडत बसंल. त्याला इचारलंस का आधी?"

मला वाटलं, रेंज गेली. पण मागं नातीचा आवाज येत होता, ती बाहुलीशी इंग्रजीत काहीतरी बोलत होती.

"आबा," मुलगा म्हणाला, "घरमालक मीच आहे आता. उन्हाळ्यात हेच घर विकत घेतलं. सांगणार होतो."

ह्यांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुन्हा लावला. मला वाटलं, आता फोन माझ्याकडं देतील. मी हातसुद्धा पुढं केला होता.

"मग हलकी घेऊ नगंस," हे म्हणाले. "लोखंडी घे, जड. एकदा घ्यायची ती पोरीच्या संसारापातुर टिकली पायजे."

त्यांना हलकी सांगता आली असती. एक शब्द तर बोलायचा होता. पण बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्या शेजाऱ्यानंसुद्धा अवजाराबद्दल विचारलं तर हे खरंच सांगतात, उलटं सांगायला ह्यांची जीभ वळत नाही. मग मुलाला कसं सांगतील? पुढं आणखी त्याला समजावत बसले, की बर्फ सरलं की फळी धुवायची, उन्हात वाळवायची आणि काळं ऑइल लावून आडोशाला ठेवायची. मुलगा हो आबा, हो आबा म्हणत होता. भाकरी तव्यावर टाकायला मी उठले ती पुन्हा फोनजवळ गेले नाही.

जेवताना मी म्हटलं, सांगणार होतो म्हणाला.

"सांगितलं की," हे म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. घराचं बोलणं आमच्यात झालं ते एवढंच.

दिवाळी आली. मी वाट बघितली. हे गोठ्याला चुना लावून आले, ट्रॅक्टर धुतला, पण फळीकडं गेले नाहीत. पाडव्याच्या आदल्या दिवशी मीच ऑइलचा डबा आणि चिंधी घेतली आणि शेडमध्ये जाऊन खाली बसले. फळीच्या खालच्या कडेला तांबूस धरलं होतं. हे दारात येऊन उभे राहिले.

"राहू दे," म्हणाले. "हात खराब हुत्याल."

मी म्हटलं, गंजून जाईल.

हे गोठ्याकडं वळले. मी चिंधीची घडी घातली. मग डबा होता तिथं ठेवून दिला.

पुढं तिकडं बर्फ पडलं आणि मुलानं व्हिडिओ पाठवला. तांबडी फळी, मागं तो कानटोपी घालून बसलेला. बर्फ कडेला जाऊन पडतंय आणि खालून खडीचा काळा रस्ता दारापासून सडकेपर्यंत उघडा होतोय. पहिला ढीग त्यानं लांब ढकलला होता, सांगितलं होतं तसा. हे तो व्हिडिओ रोज बघतात. चहा घेताना बघतात, दुपारी आडवं पडल्यावर बघतात. एकदा मलाही हाक मारून दाखवला, जसा काही मी बघितलाच नव्हता.

"बघ," म्हणाले, "चांगली निघाली. एक खडा हलला न्हाय."