गजूकडे जाणे

गेल्या रविवारी अमरावतीत घरी एकटाच होतो. बायको पोरीला घेऊन अकोल्याला माहेरी गेलेली. दुपारचं जेवण झालं आणि बरेच दिवस टाळलेलं एक काम काढलं.

माझ्या एआय असिस्टंटला बाकीच्या गोष्टी जोडायच्या होत्या. हा गडी बोलतो फार छान, पण आपलं कॅलेंडर, मेल, नोट्स... यातलं त्याला काहीच दिसत नाही. प्रत्येकासाठी मध्ये एक छोटा सर्व्हर लावावा लागतो, मग त्याला आत डोकावता येतं.

मी पाच लावले. कॅलेंडर, मेल, नोट्स, नकाशा आणि फोटोंचं फोल्डर. नकाशावाला तासभर रुसून बसला होता, जोडणीचा लाल ठिपका काही हिरवा होईना... शेवटी झाला एकदाचा. परवानगी मात्र सगळीकडे फक्त वाचायची दिली. सॉफ्टवेअर टेस्टिंगवर पोट भरणाऱ्या माणसाचा कशावरच चटकन विश्वास बसत नाही.

आता टेस्टसाठी असा प्रश्न हवा होता, की त्याला पाचही ठिकाणी जावं लागेल. मी सहज टाइप केलं, 'दर्यापूरबद्दल माझ्याकडे काय काय आहे ते सगळीकडून शोधून सांग.' म्हटलं, माझी शाळा तिथलीच, शाळेचा दाखला निघेल, एखादा सातबारा निघेल.

निघाला गजू.

गजू म्हणजे गजानन. आम्ही अमरावतीत चार वर्षं एका खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचे क्लास केले आणि दोघांनीही इमानदारीनं नापास होऊन दाखवलं. मी पुण्याला नोकरीला लागलो. तो दर्यापूरजवळ आपल्या गावी घरच्या भाजीपाल्याच्या मळ्यात परत गेला.

असिस्टंटनं शांतपणे सांगितलं, कॅलेंडरमध्ये 'गजूकडे जाणे' ही नोंद तीन वर्षांत अकरा वेळा आहे आणि अकराही वेळा पुढे ढकललेली आहे. नकाशात त्याच्या मळ्याची जागा सेव्ह आहे, पण त्या रस्त्यानं एकदाही गेल्याचं दिसत नाही. फोल्डरमध्ये एक फोटो, खोलीतल्या स्टोव्हवर आंबाडीची भाजी घोटणारा गजू...

नोट्समध्ये 'गजूला विचारायचं' म्हणून एक पानच होतं. तुझ्या धाकट्या पोरीचं नाव काय ठेवलं? आंबाडीत तू शेवटी काय टाकायचास रे, माझी भाजी तशी होत नाही... मी हे केव्हा केव्हा लिहून ठेवलं, मलाच आठवेना.

आणि मेलमध्ये एक ड्राफ्ट. 'गजू, मी तेव्हा यायला पाहिजे होतं.' एवढंच. पत्त्याची जागा रिकामी, कारण गजू मेल वापरतच नाही!

हे सगळं वेगवेगळ्या कप्प्यांत होतं तोवर मला ते निभावता येत होतं. एका पानावर एकाखाली एक आलं आणि मी खुर्चीतून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तीन वर्षांपूर्वी गजूचे बाबा गेले. खोलीवर असताना दर महिन्याला ते पिशवी भरून भाजी आणायचे आणि मलाही 'खा बाप्पा' म्हणून दटावायचे. मला कळलं त्याच दिवशी. पण ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता, मी तेरवीलाही गेलो नाही. मग फोन करायची लाज वाटली... जितके दिवस गेले तितकी लाज वाढत गेली. दोन वर्षं झाली, आता मी अमरावतीतूनच काम करतो. दर्यापूर काही लांब नाही. तरी गेलो नाही.

परत येऊन मी असिस्टंटला म्हटलं, पुढचा शनिवार ठरव आणि त्याला कळव. तो म्हणाला, तुम्ही मला फक्त वाचायची परवानगी दिली आहे, नोंद करता येणार नाही. मेसेज पाठवायचं साधनही जोडलेलं नाही. हवा तर मजकूर लिहून देतो.

दिलाही. 'प्रिय गजानन, आपल्या वडिलांच्या निधनानंतर मी उपस्थित राहू शकलो नाही, याबद्दल दिलगीर आहे...' गजूनं हे वाचलं असतं तर गावभर शिव्या घातल्या असत्या. मी हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले.

मग स्वतःच फोन लावला.

"कोन बोलून रायलं?"

"गजू, मी. प्रशांत."

पलीकडे मळ्यातल्या पंपाचा आवाज येत होता. मी कसंबसं सुरू केलं, "गजू, बाबा गेले तवा मी..."

"रायू दे बे," तो म्हणाला. "तेरवीच्या दिवशी दोन खेपा फाट्यावर येऊन पाहून गेलो मी तुले. म्हटलं, जीपमधून उतरशीन. आता काहून नाही आला ते नको सांगू. कधी येतं ते सांग."

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, शनिवारी.

आज शनिवार. हे दर्यापूरच्या स्टँडवर जीपमध्ये बसून लिहितोय. सीट भरल्याशिवाय ड्रायव्हर हलायचा नाही, अजून दोन माणसं यायची आहेत. पिशवीत गजूच्या पोरींसाठी खाऊ आहे. धाकटीचं नाव फोनवर मुद्दामच विचारलं नाही, तिच्याच तोंडून ऐकायचंय...

आत्ताच गजूचा फोन येऊन गेला. तो केव्हाचाच फाट्यावर येऊन उभा आहे म्हणे.

एक बाई आल्या, बसल्या. आता एकच सीट राहिली... आज त्याला फाट्यावर एकच खेप पडू दे.